मार्लीनच्या रश्श्यातलं औषध

"आज मांस जरा चिवटच राहिलंय," ओमेर पुटपुटला आणि ताटलीतला उरलासुरला रस्सा पावाने पुसू लागला.

"म्हणूनच दुसऱ्यांदा मागून घेतलंस वाटतं?" बिअरचे ग्लास विसळता विसळता मार्लीन म्हणाली.

गावचा सायकलपटू योरिस, त्याच्या चाहत्यांचं हे मंडळ दर शनिवारी तिच्याच कॅफेत जमायचं. उद्या सायकलींची मोठी शर्यत गावच्या चढावरून जाणार होती. आदल्या दिवशी त्या चढावर योरिसचं नाव रंगवायचं, ही इथली रीत. वाकून पायडल मारणाऱ्यालाही वाचता यावीत अशी माणसाएवढी लांब अक्षरं, आणि ती काढावीत मार्लीननेच. पांढऱ्या रंगाचा डबा सकाळपासून दाराशी होता. ब्रशला तिने हात लावला नव्हता.

"चल ना, उजेड आहे तोवर उरकू," ओमेर म्हणाला. "बंदी संपवून पोरगं परत येतंय. नाव दिसलं नाही तर त्याला काय वाटेल?"

"आणि मला काय वाटतंय?"

सगळ्यांनी आपापल्या ग्लासात डोकावून पाहिलं. उत्तेजक औषधाच्या तपासणीत योरिस सापडला, तेव्हा तो टीव्हीवर म्हणाला होता, औषध मार्लीनने बिअरमध्ये शिजवलेल्या मांसात असणार. तिच्याच कॅफेत बिअरच्या खोक्यावर बसून, तिच्याच रश्श्यात बटाट्याचे तळलेले काप बुडवून लहानाचा मोठा झालेला पोरगा! सरकारी माणसं येऊन तिची पातेली हुंगून गेली. बाहेरची गिऱ्हाइकं तुटली. मंडळाने 'आमचा योरिस निर्दोष' असा फलक केला आणि तिच्याच भिंतीवर ठोकला. मग त्याच फलकाखाली बसून ताटल्या चाटूनपुसून साफ केल्या.

दार उघडलं. योरिस आत आला. गालफडं बसलेली, हसू तेच. टाळ्या झाल्या.

"कशी आहेस मावशी?"

तिने ताटली भरली आणि त्याच्यापुढे आदळली. "खा."

"अगं, उद्या शर्यत आहे त्याची! परत तपासणी झाली तर..." ओमेरने जीभ चावली.

"तर काय सापडेल, ओमेर? बोल की! इतके दिवस हेच गिळताय ना तुम्ही? एकाच्या तरी पोटऱ्या भरल्या का? संडासाच्या तीन पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो तुम्हाला!"

तिने योरिसकडे बोट केलं.

"हा शेवटून पहिला आला तरी मी घसा फुटेस्तोवर ओरडेन. घसा माझा आहे. पण खोट्यासाठी नाही ओरडणार आणि रंगवणार तर नाहीच. आज इथं कोणी तोंड उघडलं नाही, तर त्या चढावर मी माझ्या रश्श्याची कृती लिहीन. मांस, कांदा, बिअर, वाटलेली मोहरी लावलेला पाव. बास! वाचू दे जगाला."

योरिसने काटा उचलला. एक घास खाल्ला, मग दुसरा. लहानपणी पुसायचा तशी पावाने ताटली पुसली. मान मात्र वर केली नाही.

"यात काही नव्हतं, मावशी," तो म्हणाला. "कधीच नव्हतं. मी घेतलं होतं."