हौदात बुडवलेली बॅट

मित्रांनो, मी एक जुनी क्रिकेटची बॅट आहे. सध्या दोन तुकडे होऊन रेणापूरच्या एका घराच्या कोपऱ्यात पडले आहे. थोडा वेळ काढून माझं ऐकलंत तर बरं होईल, कारण या घरात मला मन मोकळं करायची सोय नाही.

माझं लाकूड विलोचं, म्हणजे चांगल्या बॅटींच्या झाडाचं. उमेदीची वर्षं मी नांदेडच्या एका वकिलांच्या मुलाकडे काढली. माझ्या जिवावर त्याने भरपूर शाबासक्या मिळवल्या. मग तो शिकायला परगावी गेला आणि मी फिरत फिरत लातूरला अकरमभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात, फुटक्या कॅरम बोर्डाखाली येऊन पडले. बंबासाठी लाकूड मागायला कुणी आलं की माझा जीव खालीवर व्हायचा.

एक दिवस दुकानात गीतांजली आली. रेणापूरची, कॉलेजात जाणारी मुलगी. बाकीची गिऱ्हाइकं बॅटचा स्टिकर बघून भुलतात. या पोरीने माझा स्टिकर नखाने खरवडला आणि खाली चीर लपवलेली नाही ना, ते पाहिलं. पात्यावरच्या उभ्या रेषांवरून बोट फिरवलं. शेवटी एक लेदरचा चेंडू माझ्यावर आपटून कान लावला. मी सगळा जीव एकवटून आवाज दिला.

"दांडा जरा ढिला हाय चाचा," ती म्हणाली, "पण लाकूड लई चांगलं हाय."

"नजर है बेटा तेरेकू," अकरमभाई हसले. "ले जाव."

अशी मी रेणापूरला आले. थोड्याच दिवसांत लातूरला जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे ही शेवटचीच संधी. गावात सगळे टेनिसच्या चेंडूने खेळणारे. लेदरचा चेंडू सोसेल अशी बॅट मी एकटीच. माझा ऊर भरून आला, पण धडकीही भरली.

तिने माझी सेवा केली ती अगदी जीव लावून. स्टिकरचा जुना डिंक काढला, पॉलिश पेपरने मला घासलं, चिंधीने जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला आणि आडवं ठेवून वाळवलं. मग पातं कणखर व्हावं म्हणून मोज्यात जुना चेंडू घालून रोज हळूहळू ठोकत राहिली. तेवढा दांडा पक्का करायचा राहिला होता. "उद्या सुताराकडं नेते," असं म्हणून ती कॉलेजला गेली आणि तिथेच घात झाला.

तिचे वडील शिवशंकरआप्पा शेतमजुरी करतात. पोरीच्या खेळण्यावरून भावकीने नाकं मुरडली, तरी त्यांनी तिला कधी अडवलं नाही. त्या दुपारी त्यांनी मला हातात घेऊन हलवून पाहिलं.

"एवढ्यासाठी सुतार कशाला लागतोय," ते स्वतःशीच म्हणाले. "कुदळीचा दांडा ढिला झाला तर आपण काय करतो?"

आपण काय करतो, मित्रांनो? पाण्यात ठेवतो. लाकूड फुगतं आणि दांडा गच्च बसतो. आप्पांनी मला म्हशीच्या हौदात घातलं, मी तरंगू लागले तशी माझ्यावर दगड ठेवला आणि समाधानाने बिडी पेटवली. मी आतल्या आत आक्रोश करत होते. आप्पा, मी कुदळ नाही हो! म्हशीने येऊन मला हुंगलं आणि ती पाणी पिऊन निघून गेली. माझ्या सांध्यातला डिंक विरघळत होता आणि मला काहीच करता येत नव्हतं.

संध्याकाळी गीतांजली आली. हौदापाशी थबकली.

"बघ, बसला का न्हाई गच्च?" आप्पांनी हौसेने विचारलं.

तिने मला बाहेर काढलं. माझं टोक भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलं होतं. तिने दांडा हलवून पाहिला.

"बसला, आप्पा," ती म्हणाली. "लई गच्च बसला."

निवड परवावर आली होती. तिने मला पंख्याखाली वाळवलं. पाणी उडालं तसा दांडा पहिल्यापेक्षाही सैल झाला. ओलसर लाकडाला डिंक धरेना, म्हणून तिने त्यावर सुतळी आवळली आणि मला तशीच लातूरला नेलं. मैदानावर मी जीव मुठीत धरून उभी राहिले. पहिला चेंडू अडवला. दुसऱ्याला दांडा तिच्या हातात राहिला आणि माझं पातं खेळपट्टीवर जाऊन पडलं. मुली हसल्या. बुशरा नावाच्या एका मुलीने धावत येऊन आपली बॅट दिली, पण ती फार जड होती. गीतांजलीचा झेल उडाला आणि ती बाद झाली. शेवटी नावं वाचली, त्यात तिचं नाव नव्हतं.

घरी आल्यावर आप्पांनी माझे दोन्ही तुकडे हातात घेतले. एकमेकांना लावून पाहिले.

"माज्या पान्यानं तर न्हाई झालं, बाई?"

"न्हाई आप्पा. पाण्यानं काय होतंय?" तिने ताटात भाकरी वाढली. "लाकूडच आतून कुजकं होतं. पारखायला मीच चुकले."

आप्पांनी सुटकेचा श्वास टाकला आणि ते जेवायला बसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, पण एकीचं औषध दुसरीला देऊ नका. माहीत नसेल तर विचारा. विचारण्यात कमीपणा नसतो. आणखी एक सांगते, नाहीतर माझ्या जिवाला चैन पडणार नाही. मी कुजकी नव्हते. तिची पारखही चुकली नव्हती. एवढं तुम्ही लक्षात ठेवा. फक्त आप्पांच्या कानावर घालू नका.