ध्यानात नववी

रुग्णालयाने मधुमेही मुलांना ध्यानाचं एक अ‍ॅप दिलं. मन शांत राहिलं तर साखरही जरा शांत राहील, असा विचार त्यामागे होता. अ‍ॅपमध्ये ध्यानाच्या मिनिटांवरून गुणानुक्रमही होता. ज्याने तो घातला त्याचा हेतू चांगलाच असणार. पहिल्या आठवड्यात अकरा मुलांत सेबोम नववी आली आणि आईच्या हातातला चमचा हवेतच थांबला.

"ध्यानात नववी?"

"आई, ती परीक्षा नाहीये. नुसतं डोळे मिटून बसायचं असतं."

"तेवढंही जमत नाही तुला?"

दुसऱ्या दिवशी आईने ध्यानाची शिकवणी कुठे मिळते याची देजॉन शहरभर चौकशी केली. ती न मिळाल्यावर मात्र घरात त्या विषयावर शांतता पसरली.

सोळा वर्षांच्या सेबोमला नंबराशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एक पत्र हवं होतं. ऑक्टोबरात वर्गाची सहल तीन दिवस जेजू बेटावर जाणार होती. शाळेचं म्हणणं होतं, साखर आटोक्यात असल्याचं डॉक्टरांचं पत्र आणा, नाहीतर आईला सोबत आणा. आईने नवी टोपीसुद्धा घेऊन ठेवली होती.

सेबोमच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर होता. त्याचा आकडा दर पाच मिनिटांनी तिच्या आणि आईच्या फोनवर उमटे, आणि आकड्यामागोमाग आईचा फोन येई. "एकशे नव्वद? काय गिळलंस?" बसमध्ये, शिकवणीच्या जिन्यात, मैत्रिणींच्या घोळक्यात. जेजूच्या समुद्रावर तरी हा प्रश्न तिला नको होता.

सहा आठवड्यांनी दोघी रुग्णालयात डॉक्टर प्योंकडे गेल्या. डॉक्टरबाईंनी साखरेचा आणि ध्यानाचा असे दोन आलेख शेजारी शेजारी लावले.

"छान. ध्यानात दुसरी आलीस," त्या म्हणाल्या. "बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी वीस मिनिटं ध्यान केलंस. नाडी बासष्ट."

आई खिडकीबाहेरचं झाड पाहू लागली.

"आणि तुझ्या साखरेच्या नोंदवहीत त्याच वेळी लिहिलंय, 'खेळाचा तास, मैदानाला सहा फेऱ्या.' धावताना नाडी बासष्ट असेल, तर तुला इथे नाही, ऑलिंपिकला पाठवायला हवं."

खरं सांगितलं तर पत्र हातचं जाणार होतं आणि आईची लाजही. पण खोटं बोलावं, तर सहा फेऱ्या स्वतःच्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या.

"ते बोट आईचं आहे," सेबोम म्हणाली. "कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की नाडी मोजतात ना, ते. माझ्या नावाने आईच तिच्या फोनवर ध्यान करते."

"ती नववी होती हो," आई झाडाकडे बघतच म्हणाली.

डॉक्टर प्यो रागावल्या नाहीत. त्यांनी आलेख जवळ ओढला आणि बराच वेळ पेन्सिलीने खुणा केल्या.

"ध्यान चालू असताना अ‍ॅप बाकीच्या सूचना बंद करतं. सेबोमच्या आई, तेवढा वेळ तुम्हाला आकडे दिसत नाहीत?"

"नाही."

"म्हणजे फोनही करत नाही?"

"डोळे मिटलेले असतात," आई जरा दुखावून म्हणाली.

"तुम्ही ध्यानाला बसता, त्यानंतरच्या दोन तासांत हिची साखर इतर वेळेपेक्षा सरासरी तीसने कमी आहे. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळेच दुसरी झाली, असं मी म्हणणार नाही. पण तुमची नाडी आधी शहाण्णव होती. आता बासष्ट आहे. निदान एका रुग्णाला तरी गुण आला."

"मी रुग्ण नाहीये."

"आता नाही."

साखर घसरली, तर सेबोमचा स्वतःचा फोनही वाजतो आणि तिच्या शिक्षिकेलाही कळतं, याची खात्री करून डॉक्टरांनी पत्रावर सही केली. अट एकच घातली. तीन दिवस फोन करावासा वाटला, की आईने आधी ध्यानाला बसायचं.

आईने पत्र दोनदा वाचलं.

"अ‍ॅपवर नाव मात्र तिचंच राहू दे," ती म्हणाली. "पहिल्या नंबरात आणि तिच्यात अकराच मिनिटांचा फरक आहे."

जेजूला पहिल्या दुपारी सगळ्या मुली समुद्राच्या भिंतीवर ओळीने संत्री सोलत बसल्या. सेबोमने आकडा पाहिला, एकशे एकतीस. इन्सुलिन घेतलं. फोन वाजला नाही. तिने अ‍ॅप उघडलं. सेबोम पहिली होती, आणि आत्ता, या क्षणी, ध्यानात होती. सत्त्याऐंशी मिनिटं झाली होती.

तिने फोन खिशात टाकला आणि दुसरं संत्रं सोललं.