पोत्यांसाठी लिहिलेल्या बावीस ओळी

मित्रांनो, मी बावीस ओळींचा एक जुना प्रोग्राम आहे. मला ना अंग, ना आवाज. जव्हारच्या बाजारपेठेत, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, संगणकात माझा जन्म झाला. माझ्या हातून जे घडलं ते मला कुणी विचारलेलं नाही. पण ते पोटात ठेवून आता राहवत नाही.

मला लिहिलं नेत्राताईंनी. भात खरेदी करणाऱ्या एका केंद्राला पोत्यांची नोंद ठेवायची होती. ताईंना एक खोड होती. संगणकाला हात लावण्याआधी त्या मोठ्या कागदावर चौकोन काढत बसायच्या. एका चौकोनात शेतकरी, एकात पोतं, एकात गोदाम, आणि कोणाचं कोणाशी नातं ते दाखवणाऱ्या रेघा. हा आमचा आराखडा. माझ्या चौकोनाचं नाव 'वजन'. त्याखाली ताईंनी लाल पेनाने लिहिलं होतं, 'फक्त पोत्यांसाठी. अर्धा किलो किंवा जास्त असेल तर पुढचा पूर्ण किलो धरायचा.' पोतं म्हटलं की बारदानाचा, धुळीचा फरक असायचाच. तेवढ्यासाठी कुणी भांडत नाही.

मी इमानाने राबलो. कधी चुकलो नाही, आणि खरं सांगायचं तर थोडा चढूनही गेलो. पुढे ताईंनी मला हिरड्याच्या केंद्रावर नेलं, मोहाच्या केंद्रावर नेलं. "एकदा नीट केलेलं काम परत कशाला करायचं?" त्या म्हणायच्या. पण दर वेळी आधी आराखडा पसरायच्या आणि मी त्या जागी बसतो का ते बघायच्या. मग त्या नोकरीसाठी नाशिकला गेल्या. आराखड्याची गुंडाळी कपाटावर गेली आणि तिच्यावर बिघडलेला प्रिंटर आला.

त्यांच्या जागी ऋषिकेश आला. हुशार माणूस, पण भारी घाईचा. मोखाड्याकडच्या पाड्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेला बालकांच्या वजनाचं अॅप हवं होतं, तेही दहा दिवसांत. त्याने जुन्या फायली चाळल्या. 'वजन' दिसलं आणि त्याने मला जसंच्या तसं उचललं. "हे तर तयारच आहे," तो खूश होऊन म्हणाला. मी ओरडलो असतो, मित्रांनो. पण प्रोग्रामला फक्त सांगितलेलं करता येतं.

पहिल्याच महिन्यात गौराबाई नावाच्या अंगणवाडी सेविकेने मोबाईलवर नोंद भरली. सकू, वय दहा महिने, वजन सहा किलो सहाशे. त्या वयाच्या मुलीसाठी धोक्याची रेघ याच्या किंचित वर असते. सकूचं नाव लाल व्हायला हवं होतं. मी पुढचा पूर्ण किलो धरला, सात, आणि नाव हिरवं झालं. दुसऱ्या महिन्यात काटा साडेसहावर आला. मी पुन्हा सातच म्हणालो. लेकरू झिजत होतं आणि मी त्याला कागदावर बाळसं चढवत होतो.

गौराबाईंनी ऋषिकेशला फोन लावला. "दादा, माझा काटा साडेसहा सांगतो न तुमचा मोबाईल सात सांगतो. कायतरी गडबड हाय."

"ताई, हा प्रोग्राम सहा वर्षं चालतोय. एकदाही चुकला नाही. तुम्ही भरताना नीट बघून भरा."

माझा नावलौकिकच त्या पोरीच्या मुळावर आला.

दिवाळी सरली आणि वीटभट्टीचा मुकादम कुटुंबांना कामावर न्यायला टेम्पो घेऊन पाड्यावर आला. लाल नावाच्या मुलाला आईसकट मागे ठेवून दवाखान्यात न्यायचं, असा संस्थेचा नियम होता. सकू तर हिरवी. तरी गौराबाई तिच्या बापाला, तुकाला, आडव्या गेल्या.

"पोरीला नेऊ नको रं तुका. तिच्या हाताच्या काड्या झाल्यात, बघ जरा."

तुकाने त्यांच्याच मोबाईलमध्ये वाकून पाहिलं. "बाई, यात त हिरवाच दाखवतो. लाल असता त बायकोला न पोरीला ठेवून गेलो असतो ना मी."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा लेकीवर फार जीव होता. टेम्पो निघून गेला.

चौथ्या दिवशी गौराबाई वजनांची वही घेऊन जीपने जव्हारला आल्या आणि ऋषिकेशच्या टेबलावर वही उघडून बसल्या. त्याने चार-पाच नावं ताडून पाहिली. मग तो उठला, प्रिंटर खाली ठेवला आणि गुंडाळी उलगडली. लाल पेनाची ती ओळ त्याने दोनदा वाचली. माझ्यातली एक ओळ बदलायला त्याला दोन मिनिटं लागली. काट्याचे खरे आकडे आत तसेच होते, त्यामुळे पडद्यावर एकामागून एक एकोणतीस नावं लाल झाली.

"कागद आधी उघडला असता तर," ऋषिकेश एवढंच म्हणाला. गौराबाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या तुकाचा नंबर लावत होत्या.

मित्रांनो, चांगलं काम पुन्हा जरूर वापरा. आमच्यासारख्यांना त्यातच आनंद असतो. फक्त उचलण्याआधी आम्हाला कशासाठी घडवलं होतं ते वाचा, आणि काट्याशेजारी बसलेलं माणूस काही सांगत असेल तर त्याचं ऐका. अठ्ठावीस मुलं पाड्यांवरच होती, त्यांना दवाखान्यात नेलं. टेम्पो भिवंडीकडे गेला की वसईकडे, ते कुणालाच ठाऊक नाही. तुकाचा फोन बंद लागतो. सकूच्या नावापुढे पुढच्या वजनाची जागा मी ठेवली आहे. तीन महिने झाले, ती मोकळीच आहे.