अडतीस टक्क्यांवर अडकलेला मी

"बाबा, तू तेव्हा आईचे फोन मुद्दाम कट करत होतास का?"

रविवारची सकाळ होती. ऋग्वेदाने हा प्रश्न एका दमात विचारून टाकला आणि लगेच तोंडात इडली कोंबली. मैत्रिणींनी पैज लावून तिला भरीला घातलं होतं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये हुई मिन म्हणाली होती, "रिंग वाजते आणि मग कट? मग तुझ्या पप्पांनी रिजेक्ट दाबलं, सिंपल लाह!" आणि आर्या म्हणाली होती, "हिंमत असेल तर विचारून दाखव. नुसती वर्गात बडबड करतेस!"

बाबांनी चटणीची वाटी उगाच सरळ केली. "रेंज नव्हती, ऋगू," एवढं म्हणून ते उठले.

"रेंज नव्हती तर रिंग कशी वाजत होती?" आई म्हणाली. "बरं, रिंगचं सोड. अकरा दिवसांत एक मेल उघडता आला नाही?"

बाबा बाल्कनीत गेले आणि सुकलेले कपडे काढू लागले.

मित्रांनो, हे सगळं मी ऐकलं, कारण मी तिथेच होतो. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, तीन निकामी चार्जर आणि बस-ट्रेनच्या एका तुटक्या ईझी-लिंक कार्डाच्या सोबतीला. प्रश्न बाबांना विचारला होता, पण त्याचं उत्तर माझ्या पोटात होतं. मी बाबांचा जुना मोबाइल. वहीसारखा उघडणारा, आत बटणांचा चिमुकला कीबोर्ड असलेला. आता मला कोणी उघडत नाही. पण एके काळी माझा काय थाट होता, शप्पथ!

माझा जन्म इथे सिंगापुरातच, आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यात झाला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे माझी फक्त एक छोटीशी चिप तिथे बनली. पण तो कारखाना आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून दिसतो, म्हणून मी स्वतःला घरचाच समजतो. दोन हजार सहा साली बाबांच्या ऑफिसने मला त्यांच्या हाती दिलं. बाबा, म्हणजे पद्मनाभ, बुडालेल्या आणि अडकलेल्या जहाजांची पाहणी करतात. त्यांचं ऑफिस बंदरावर, हार्बरफ्रंटला. तिथे माझी रेंज कायम फुल! फेरीबोटीतून उतरणारे लोक माझ्याकडे वळून बघायचे. फोनवर इंटरनेट? खिशात मेल? मी नुसता फुगून जायचो.

माझं सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आजोबांनी. दीनानाथ त्यांचं नाव; आई-बाबा त्यांना अण्णा म्हणत. रोज सकाळी बाबांची दाढी-आंघोळ होईपर्यंत मी त्यांच्या ताब्यात असे. ते मला घेऊन आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर बसायचे आणि साताऱ्याचं हवामान बघायचे. राहायचं सिंगापुरात आणि हवामान साताऱ्याचं! मला उघडताना ते म्हणायचे, "या, मंत्रिमहोदय. काय वार्ता?" मंत्री म्हणत मला. मला!

आजोबांनीच घराला एक नियम घालून दिला होता. एक रिंग देऊन ठेवून दिली, तर त्याचा अर्थ 'सगळं ठीक'. तीन रिंगा म्हणजे 'फोन कर'. पुण्यात असल्यापासूनची ही सवय. बाबा विमानतळावर उतरले की घरी एक रिंग. ऋग्वेदा ट्यूशनला पोहोचली की आईला एक रिंग. आई तांजोंग पगारच्या तिच्या बँकेतून निघाली की एक रिंग. उत्तर म्हणून समोरूनही एक रिंग यायची. आमच्या घरात बोलण्यापेक्षा रिंगाच जास्त वाजत, आणि त्याचं आम्हाला केवढं कौतुक होतं!

मग यंदाचा, म्हणजे दोन हजार आठचा मार्च आला. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाजवळ एक जहाज खडकावर चढलं आणि बाबांना पाहणीसाठी जावं लागलं. सहा दिवसांचं काम. तीन विमानं बदलून आम्ही पोहोचलो. बेटाचं नाव सांगत नाही, सांगितलं तरी नकाशात सापडायचं नाही. बाबांनी मला चालू केलं आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कोपऱ्यात एकही दांडी उमटली नाही. मी शोधत राहिलो. शोधून शोधून गरम झालो. माझं सिंगापूरचं सिम तिथे कोणी ओळखतच नव्हतं.

चर्चशेजारी एक लहानसं टेलिफोन ऑफिस होतं. तिथल्या बाईंचं नाव तेरेसा. बाबा त्यांना लगेच 'तेरेसाताई' म्हणू लागले. त्यांनी तिथलं सिम दिलं आणि इंटरनेटची सेटिंग्ज एका कागदावर हाताने लिहून दिली. बाबांनी ती चुकत चुकत माझ्यात भरली. तिसऱ्यांदा बरोबर आली आणि माझ्या कोपऱ्यात इंटरनेटची बारीक खूण उमटली. बाबा ओरडलेच, "आला! मंत्री आला!" ऑफिसातल्या फोनवरून त्यांनी घरी मिनिटभर बोलून नवा नंबर दिला. तेव्हा सगळं खरंच ठीक होतं.

"फार खुश होऊ नका," तेरेसाताई म्हणाल्या. "अख्ख्या बेटाचे फोन आणि इंटरनेट उपग्रहाच्या त्या एका तबकडीतून येतात. आधी सरकारी कचेरी, मग बँक. चार वाजता ती दोन्ही बंद झाली की उरेल ते तुमचं. ढग आले तर तेही नाही. आणि बाहेरचे एसएमएस इथे पोहोचत नाहीत."

रोज चार वाजता बाबा मला घेऊन चर्चच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहायचे. त्यातल्या त्यात तीच जागा उंच. हात वर, मी त्यांच्या हातात, खाली पोरं बघत बसलेली. पहिल्याच दिवशी एक मेल उतरू लागला. ऋग्वेदाचा! तिच्या शाळेच्या नेटबॉल संघाने कप जिंकला होता. नऊ फोटो होते, नव्या डिजिटल कॅमेऱ्यातून काढलेले, जसेच्या तसे मोठे. आई म्हणाली होती म्हणे, "लहान करून पाठव गं." पण कप जिंकल्यावर कोण फोटो लहान करत बसतं?

माझी पद्धत अशी, की मेल एकामागून एक घ्यायचे. पहिला पूर्ण उतरल्याशिवाय मी दुसऱ्याला हात लावत नाही. मला तसंच बनवलं आहे. मी तो मेल ओढू लागलो. चार टक्के. अकरा टक्के. तबकडीचा संपर्क तुटला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी एकवीस टक्के, पुन्हा तुटला. तिसऱ्या दिवशी अडतीस! त्याच्या पुढे मी कधीच गेलो नाही.

"हा एक मेल काढून टाका," तेरेसाताई म्हणाल्या. "मी इथून काढून देते. मागचे येतील."

"मुलीचे फोटो आहेत हो," बाबा म्हणाले. "राहू दे. घाई कसली आहे?"

घाई नव्हती, कारण रोज एक रिंग वाजत होती.

कशी सांगू ही गोष्ट? चौथ्या दिवशी दुपारी सिंगापूरहून फोन आला. मी वाजलो, एकदा. आणि उपग्रहाचा संपर्क तुटला. बाबांनी नंबर पाहिला, हसले, म्हणाले, "सगळं ठीक." आणि नियमाप्रमाणे एक रिंग परत दिली. मग पुन्हा एक. संध्याकाळी पुन्हा एक. "आज आईला फार आठवण येतेय वाटतं," बाबा मला म्हणाले. त्यांनी कौतुकाने प्रत्येक वेळी एक एक रिंग परत दिली.

मला ओरडायचं होतं, की नाही हो, ही रिंग कोणी थांबवली नाही, ती तुटली आहे! पण मोबाइलला वाजता येतं, बोलता येत नाही. त्या क्षणी माझ्याइतका निरुपयोगी मंत्री जगात नसेल.

परतीचं विमान रद्द झालं. जायला आठवड्यातून दोनच विमानं, त्यातलं एक बिघडलं. अकराव्या दिवशी लांबच्या धक्क्यावरून एक होडी आली आणि तिच्यातून जहाज कंपनीचा माणूस धावत आला. आईने हार्बरफ्रंटच्या ऑफिसला कळवलं होतं, ऑफिसने जहाजाच्या वायरलेसवरून त्याला. इंटरनेटने नाही, टेलिफोनने नाही. शेवटी निरोप आला तो ओल्या चपलांनी. तो माणूस म्हणाला, "मिस्टर पद्मनाभ, तुमचे वडील... मला वाईट वाटतं." आणि बाबा त्याला म्हणाले, "नाही, नाही, तुमची चूक होतेय. घरून रोज रिंग येते."

येताना एका मोठ्या विमानतळावर मला पुन्हा फुल रेंज मिळाली. एका मिनिटात सगळं उतरलं. आधी ते नऊ फोटो, शंभर टक्के, ऋग्वेदा कपाला मिठी मारून हसते आहे. आणि त्याच्या मागे रांगेत उभे असलेले आईचे चार मेल.

"अण्णांना ॲडमिट केलंय. अर्धांगाचा झटका. फोन कर."

"फोन कट का करतोस? अण्णा तुझं नाव घेतायत."

"नुसती एक रिंग काय देतोस? डॉक्टर म्हणाले, बोलवून घ्या. कुठे आहेस तू?"

"दोन दिवस थांबलो. आता थांबता येत नाही. तुझे विश्वासकाका अग्नी देतील."

बाबा विमानतळावरच्या खुर्चीत मला मांडीवर घेऊन बसले. विमानाची घोषणा दोनदा झाली तरी उठले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी मला ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ऑफिसकडून दुसरा फोन घेतला. रिंगांबद्दल त्यांनी आईला एकदा सांगून पाहिलं. आई म्हणाली, "आणि मेल?" तिथे ते गप्प झाले ते आजतागायत. मेल का आले नाहीत हे सांगायचं, तर कोणाच्या फोटोंमागे अडकले तेही सांगावं लागलं असतं. ते त्यांना पंधरा वर्षांच्या मुलीला सांगायचं नव्हतं. म्हणून 'रेंज नव्हती'. सात महिने फक्त 'रेंज नव्हती'.

या सात महिन्यांत मी ड्रॉवरमधून घर मोडताना ऐकलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. इथे नुसती शांतता. "दूध आणलंय." "बरं." "बिल भरलंय." "बरं." मग एके दिवशी आई फोनवर कोणाला तरी सांगताना ऐकलं, "डिसेंबरात शाळा संपली की मी ऋगूला घेऊन पुण्याला जातेय. कायमची. ज्या माणसाला बापाच्या शेवटच्या घटकेला फोन उचलावासा वाटला नाही, त्याच्यासोबत काय राहायचं?"

मला वाटलं, आपण वितळून जावं.

त्या रविवारी दुपारी ड्रॉवर उघडला. ऋग्वेदा! बाबांनी उत्तर टाळलं म्हणून ती मलाच विचारायला आली होती. तिन्ही चार्जर लावून पाहिले, एकही चालेना. "आय्या, काय कटकट आहे ही!" म्हणत तिने शेवटी बाबांच्या प्रवासाच्या बॅगेतून माझा खरा चार्जर शोधून आणला. सात महिन्यांनी मी जागा झालो.

तिने मेल बघितले. एकाच मिनिटाला आलेले पाच मेल, सगळ्यात आधी तिचा. तरी तिला उलगडा होईना. मग तिने न गेलेल्या मेलांचा कप्पा उघडला. तिथे बाबांनी तिला लिहिलेला एक मेल पडून होता, रोमन अक्षरांतल्या मराठीत, बेटावरून कधीच न सुटलेला:

"ऋगू, तुझे फोटो येतायत! ३८ टक्के झाले. इथल्या ताई म्हणतात काढून टाका, मागचे मेल अडकतात. मी बरा काढीन! तुझा कप बघितल्याशिवाय दुसरं काही बघणार नाही. बाबा."

ऋग्वेदाने ते तीनदा वाचलं. ही मुलगी एरवी लिफ्टमध्येसुद्धा गाणी म्हणते. आता ती मला हातात घेऊन जमिनीवर बसली. माझ्या पडद्यावर पाण्याचे थेंब पडले. मला ते पुसता आले नाहीत.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, फेकू नका. मी तसं काही मागणार नाही. मला फेकलंत तरी चालेल. फक्त एवढं करा: जे महत्त्वाचं आहे ते एका साध्या ओळीत कळवा. आणि कोणाची एकच रिंग आली, तर 'सगळं ठीक' असं ठरवून मोकळे होऊ नका. परत फोन करा आणि पूर्ण वाजू द्या. समोरचं माणूस बोलेपर्यंत वाजू द्या. माझ्यासारखी यंत्रं निरोपाच्या वाटेत अडकतात. माणसांनी तरी अडकू नये.

संध्याकाळी आई आणि बाबा जेवायला बसले होते, समोरासमोर, दोघंही आपापल्या ताटात बघत. ऋग्वेदाने मला टेबलावर मधोमध ठेवलं आणि तो मेल मोठ्याने वाचला. एकही शब्द गाळला नाही.

"ऋगू, नको," बाबा म्हणाले.

"सात महिने तू नको म्हणालास, बाबा. आता मी बोलते."

आईचा हात पोळीवर तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत होती, मग बाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

ऋग्वेदाने खुर्ची ओढली आणि ती बाबांच्या बाजूला जाऊन बसली.

"आई, मी ठरवलंय. डिसेंबरात मी पुण्याला येणार नाही, मी बाबाजवळ राहणार आहे. तुला जायचं असेल तर माझ्यावर रागावून जा. त्याच्यावर नाही."