ऊब कोण पळवतंय?

गुंगीचं इंजेक्शन देण्याआधी म्हाताऱ्या शिंपीणबाईंनी भूलतज्ज्ञ बाईंचा हात घट्ट धरला होता. "मला गारठा अजिबात सोसत नाही हो."

"मी आहे ना," बाईंनी शब्द दिला होता. आणि आता पडद्यावर पेशंटच्या तापमानाचा आकडा खाली खाली चालला होता.

पहिला संशय अर्थातच सर्जनवर. गडी घामट. कुणाचं लक्ष नाही असं पाहून एसी वाढवायला लावायची त्याला खोडच होती.

"साहेब, एसीला हात लावलात?"

"माझे हात पोटात आहेत, दिसत नाही?" सर्जन खेकसला. "रक्त थांबत नाहीये इथे. एक शीर तुटलेली सापडेल तर शपथ! नुसतं झिरपतंय सगळीकडून."

अंग गार पडलं की रक्त लवकर गोठत नाही, हे शिकाऊ डॉक्टरांना सांगून सांगून बाईंचा घसा बसला होता. त्यांनी एसी पाहिला. बिचारा जिथल्या तिथे होता. गरम हवेचं पांघरूण चाचपलं. तेही टम्म फुगलेलं. मग नजर गेली सिस्टरकडे. ती सर्जनच्या खास मर्जीतली, आणि आज सकाळपासून नजर चुकवत होती. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

पोट धुवायला सिस्टरने सलाईनची बाटली उचलली. बाईंनी ती हिसकावलीच. बाटली गारढोण.

"मघापासून असलंच ओततेस? सलाईन गरम ठेवायच्या कपाटातल्या बाटल्या कुठे गेल्या? साहेबांनीच काढायला लावल्या ना?"

"नाही बाई." सिस्टरचा आवाज मास्कमधून जेमतेम बाहेर आला. "तुम्हीच म्हणालात, जेवायला उशीर होईल, माझा डबा कपाटात ठेव. मावेना, म्हणून बाटल्या काढल्या. तुमच्यापुढे कसं बोलायचं?"

सर्जनने मान वर केली, बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. तो खेकसला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

शेजारच्या थिएटरमधून गरम बाटल्या आल्या. आकडा रडतखडत चढला, झिरपणं थांबलं.

शुद्धीवर येताना शिंपीणबाईंचे दात कडाकडा वाजत होते. "गार... लागलं हो."

"माझ्यामुळे," बाई म्हणाल्या, आणि आणखी एक पांघरूण घातलं. म्हातारीने विश्वासाने त्यांचाच हात धरला.

नंतर त्यांनी कपाट उघडलं. डबा छान गरम होता.