एका काडीची परीक्षा

शरयूबाईंचा पाय शेवटच्या पायरीवर अडखळला, तेव्हा स्वानंदी तिथेच उभी होती. "वय झालं गं," म्हणून सासूबाई हसल्या. पण भिंत धरून पडणारी ती पावलं बघून स्वानंदीला हसू आलं नाही. कारण संक्रांतीच्या आधीपासून त्या जो काढा पीत होत्या, तो तिच्याच शब्दावर.

तिच्या नवऱ्याच्या, केतनच्या, मित्राने हिमाचलातून हॉर्सटेलचं पोतं पाठवलं होतं, आईंच्या गुडघ्यांसाठी. नावाप्रमाणेच घोड्याच्या शेपटीसारखी झुबकेदार वनस्पती. स्वानंदी कॉलेजात बॉटनी शिकवते, तेव्हा निकाल तिनेच द्यायचा. या झाडाचा एक दलदलीतला भाऊबंद असतो. दिसायला अगदी तसाच, पण चाऱ्यात आला तर जनावरं लुळी पडतात. ओळखायची खूण एकच. खोडाच्या प्रत्येक सांध्यावर एक दातेरी बाही असते. तिथून फुटलेल्या फांदीचं पहिलं कांडं त्या बाहीहून लांब असेल तर झाड चांगलं, आखूड असेल तर घातकी. स्वानंदीने वरचीच एक काडी उचलली, भिंगाखाली धरली. कांडं लांब होतं. "चालेल," म्हणाली आणि पेपर तपासायला बसली.

शितावरून भाताची परीक्षा! भाताचं ठीक आहे, सगळी शितं एकाच पातेल्यात शिजतात. ओल्या कुरणात विळा चालवणाऱ्याला मात्र कोणती काडी कुणाची, याच्याशी काय देणंघेणं? बाईसाहेबांनी एवढाही विचार केला नाही, आणि याच बाईसाहेब मुलांचे अर्धे-अर्धे मार्क कापतात.

सासूबाई अडखळल्या त्याच दुपारी तिने काढ्याच्या डब्यातली पाला-काडी कोमट पाण्यात भिजवली, परातीत पसरली आणि चिमट्याने निवडायला घेतली. लांब इकडे, आखूड तिकडे. आधी आखूड अधूनमधून सापडत होते. मग भराभर सापडू लागले. तिकडचा ढीग वाढतच गेला.

"आई, काढा आजपासून बंद. यात भलतंच मिसळलंय. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ. आणि ते पोतं कुठाय? जाळून टाकते."

"आता कुठलं पोतं?" शरयूबाई म्हणाल्या. "संक्रांतीला वाण लुटलं ना मी त्याचं. दरसाल त्या प्लास्टिकच्या डब्या काहून वाटायच्या? छान पुड्या बांधल्या. तू एक्झाम ड्यूटीवर होतीस."

"सगळ्यांना दिलं?"

"हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना. म्हटलं, बिनधास्त घ्या, आमच्या सूनबाईनं तपासलंय."

स्वानंदी उठली. "मी मागून आणते."

"पागल झाली काय? सवाष्णीला दिलेलं वाण कोणी परत मागते का? अपशकुन असतो तो. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणायचं ते म्हणोत. ती पायात चपला सरकवून निघाली. विजय नगरातल्या त्यांच्या गल्लीत पहिलं घर प्रतिमाकाकूंचं.

काकूंनी दारातच तिचे हात धरले. "अगं ये, ये! तुझीच आठवण काढून राहिली होती मी. आमच्या अवंतिकाला पाचवा लागला. मागचे दोन टिकले नाहीत, तुला तर माहीत आहे. या वेळी म्हटलं, ताकद पाहिजे, तर तुमची पुडी सुरू केली. अन् गल्लीतल्या बाया किती चांगल्या बघ. सगळ्यांनी आपापल्या पुड्या तिलाच आणून दिल्या."

आतून काकूंची सून अवंतिका आली. चेहऱ्यावर तुकतुकी, हात पोटावर. "दीदी, कडू आहे हो फार," ती हसून म्हणाली, "पण एक दिवस चुकवला नाही."

स्वानंदीने सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, एका दमात. काकू ओरडतील, हात उगारतील असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. काकूंनी फक्त खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि हळूच विचारलं, "किती प्यायल्यावर बाधते ते?"

पुस्तकात गाईंचं लिहिलेलं होतं, घोड्यांचं लिहिलेलं होतं. गरोदर बाईचं तिच्या वाचनात कुठेच आलं नव्हतं.

अवंतिका तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. "दीदी," ती म्हणाली, "बोला ना."