स्थळ बघायला तीन दिवस

माझा भाचा नागेंद्र याचं लग्न जमत नव्हतं, त्याला कारण त्याची नोकरी. नोकरी नव्हती असं नाही. नोकरी होती, पगार होता, पण ती सांगायला लागलं की समोरच्याचा चहा कपातच राहायचा.

"पोरगा काय करतोय?"

"राफ्टिंग गाईड हाय. रबराच्या होडीतनं लोकांना उसळत्या पाण्यातनं तीन दिवस खाली नेतोय."

"का?"

हा 'का' मला नवा होता. मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. आमच्याकडं दिवसभर लोखंड ओततात, त्याला कुणी का म्हणून विचारत नाही.

आमच्या भागात मुलीकडच्यांच्या अटी आता पाठ झाल्यात. मुलाला शेती पाहिजे, पण त्यानं शेतात पाय ठेवता कामा नये. घर गावात पाहिजे आणि मुलगा पुण्यात पाहिजे. नागेंद्रचं गाव जांबोटीच्याही पुढं, रानात, जिथं एसटीसुद्धा मनात आलं तर येते. वय एकतीस. नऊ स्थळांनी नकार दिला होता, त्यातल्या चौघांनी तो कळवायचीही तसदी घेतली नव्हती. माझी बहीण जयाबाई दर रविवारी फोनवर रडायची, "शामू, माझ्या लेकराचं काय ते बघ." मी बघत होतो. दिसत काही नव्हतं.

अशात संकेश्वरचं स्थळ आलं. मुलगी नीलम, अठ्ठावीस वर्षांची, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी. तिचे वडील आण्णाप्पा साखर कारखान्यातून टाईमकीपर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आप्पाच म्हणत. नवल म्हणजे नागेंद्रनं स्वतः लिहून दिलेली माहिती वाचून मुलीनं होकार दिला होता. पण मुलीचा होकार आमच्यात अर्जासारखा असतो, सही वडिलांची लागते. आप्पांनी घर बघितलं, गोठा बघितला, भाताच्या कणगीत हात घालून बघितला आणि निरोप पाठवला, आता मुलाचं ऑफिस बघायचं.

"आप्पा, ऑफिस नदीत हाय," मी फोनवर म्हटलं.

"मग नदीत बघू की. बघितल्याबिगर पोरगी देत न्हाय."

आणि खरंच आले. आप्पा, नीलमचा मामा युवराज, आणि भावकीतले दोघे. युवराज प्लॉटचे व्यवहार करायचा आणि माणसाकडंही प्लॉटसारखाच बघायचा, पुढून रस्ता आहे का, मागून ओढा आहे का. भावकीतले दोघे बैठकीला माणसं लागतात म्हणून आणलेले होते. तीन दिवसांत 'व्हय की' याच्यापलीकडं ते गेले नाहीत. मुलाकडचा मोठा माणूस म्हणून मी. मला पोहता येत नाही.

निघायच्या आधी मी नागेंद्रला बाजूला घेतलं. "ही गिऱ्हाईकं न्हाईत, पाव्हणी हाईत. आवाज चढवून एक शब्द बोलायचा न्हाय."

"मामा, नदीवर वरडावंच लागतंय. न्हाईतर ऐकू येत न्हाय."

"नदी चार म्हयन्यांची हाय रं, सासरा जन्माचा असतोय."

पोरगं गुणी. मान हलवली. त्या तीन दिवसांत त्यानं केलेली चूक ही एवढीच, की माझं ऐकलं.

होडीत बसायच्या वेळेलाच गाडी रुळावरून घसरली. नागेंद्रला पुढं दोन दणकट माणसं हवी होती. पण पुढची जागा मानाची. तिथं आप्पा बसणार हे सांगायची गरज नव्हती. पांढरा लेंगा, सदरा, डोक्यावर टोपी आणि टोपीवर हेल्मेट, असे आप्पा होडीच्या नाकावर जाऊन बसले. नागेंद्रनं सगळ्यांच्या हातात पॅडल दिलं आणि समजावलं की 'पुढं' म्हटलं की पुढं मारायचं, 'मागं' म्हटलं की उलटं, 'खाली' म्हटलं की होडीच्या तळाला बसायचं. युवराजनं पॅडल उलटसुलट करून बघितलं. "म्हणजे पाव्हण्यांनीच वल्हवायचं?" तो म्हणाला. मी घाईघाईनं सांगितलं की नावाला धरायचं फक्त.

पहिलं उसळतं पाणी आलं. नागेंद्र मागच्या टोकावर उभ्यानं पाणी वाचत होता, म्हणजे दगड कुठं आणि वाट कुठं ते हेरत होता. एरवी तो काय करत असेल ते करत असेल, त्या दिवशी तो म्हणाला, "आप्पा, जरा पुढं मारता काय?"

आप्पांनी वळून बघितलं. "काय म्हणलास?"

"न्हाय, पुढं... तुम्हास्नी जमंल तसं."

तेवढं बोलणं होईतो होडी दगडावर आदळली, गरकन फिरली आणि उलटं तोंड करून खाली गेली. त्या दिवशीचं सगळं उसळतं पाणी आम्ही असंच पाठमोरं उतरलो. प्रत्येक वेळेला नागेंद्र अदबीनं विनंती करायचा, विनंतीचा विचार व्हायचा, आणि विचार होईतो नदी आपलं काम उरकायची. माझा गुडघा फुटला. युवराजचा बूट गेला. आप्पा मात्र नखशिखांत भिजून खूश होते. "पोरगं लई नम्र हाय," ते म्हणाले. "आजकाल बघायला मिळत न्हाय." भावकीनं दुजोरा दिला.

सामानाची होडी घेऊन पुढं चाललेला दुसरा गाईड दीपंकर संध्याकाळी काठावर मला हळूच म्हणाला, "मामा, हा असा कधी चालवत न्हाय. काय खायला घातलासा त्याला?" मी म्हटलं, संस्कार.

तंबू ठोकले, चूल पेटली आणि भाकरी व्हायच्या आत युवराजनं चौकशी सुरू केली.

"ही होडी कुणाच्या नावावर हाय?"

"कंपनीच्या."

"आणि नदी?"

"सरकारच्या."

"कुठल्या सरकारच्या?"

नागेंद्रनं माझ्याकडं बघितलं. आमच्या सीमाभागात हा प्रश्न असा जेवणाआधी विचारू नये. या पाण्यावरून राज्याराज्यांत खटले चालू आहेत, त्यावर कितीतरी वकिलांची घरं उभी राहिली. तिथं भाच्यानं काय उत्तर द्यायचं?

"बरं, मग तुझ्या नावावर काय?"

"पॅडल," नागेंद्र म्हणाला. खरं बोलायची खोड.

"पावसाळा सरल्यावर?"

"दांडेलीला. तिकडं धरणाचं पाणी सोडत्यात."

"तिथं तरी कायम काय?"

"पाणी हाय तवर."

युवराजनं आप्पांकडं बघून ओठ मुडपले. मला रात्रभर झोप लागली नाही. बहिणीला काय सांगायचं? दहावं स्थळ नदी खाऊन गेली, असं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपंकर पुढं निघून गेला आणि खालच्या डोहात थांबला. मोठं पाणी त्या डोहाच्या वर होतं. नदी दोन कातळांच्या मध्ये चेपून खाली पडते आणि तिचा आवाज आधी पोटात ऐकू येतो. नागेंद्रनं काठावर सगळं समजावून सांगितलं, तेही हात जोडून. आम्ही निघालो. कातळ पन्नास-साठ हातांवर आले, होडीनं वेग घेतला, आणि नेमकं डाव्या काठावर झाडाखाली शेंदूर फासलेला एक देव दिसला.

देव दिसल्यावर आप्पा बसून कसे राहतील? ते उभे राहिले.

"आप्पा, बसता काय जरा?" नागेंद्र म्हणाला.

"थांब. नमस्कार करतोय."

आप्पा उभे म्हटल्यावर भावकी बसून राहणं बरं दिसेना. तेही उभे राहिले. मग युवराज. आता खोटं कशाला सांगू, पॅडल काखेत मारून मीही हात जोडले. असे आम्ही पाच जण, एका रबराच्या होडीत उभ्यानं, डोळे मिटून, कातळाच्या तोंडात गेलो.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. होडी उभी राहिली, मी तळाला पडलो, तोंडात पाणी गेलं. डोळे उघडले तेव्हा पुढची जागा रिकामी होती.

तेव्हा मागून आवाज आला. नागेंद्रचा तो आवाज मी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता.

"खाली बस! सगळी खाली! मामा, पॅडल उचल! युवराज, तिकडं काय बघतोस, पुढं मार! मार!"

आम्ही मारलं. हे जमंल का, मान राहील का, कुणी काही विचारलं नाही. समोर फेसात पांढरा सदरा वर आला, खाली गेला, परत वर आला. हेल्मेटाखालून निसटलेली टोपी वेगळीच वाहत चालली होती.

"आप्पा! पोहू नको! पाठीवर पड! पाय वर कर! पाय वर कर म्हणतो ना, म्हाताऱ्या!"

आप्पांनी पाय वर केले. कारखान्यात पस्तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांना वेळेवर यायला लावलं, ते एका झटक्यात पाठीवर पडले आणि पाय वर करून वाहू लागले. नागेंद्रनं दोर फेकला. "धर! छातीशी धर!" आप्पांनी धरला. त्यानं दोर ओढला, गुडघे कडेला टेकले, आप्पांच्या जाकिटाचे खांद्यावरचे पट्टे पकडले आणि स्वतः मागं पडत त्यांना होडीत घेतलं. दोघंही तळाला पडले. आप्पा खोकत होते, म्हणजे जिवंत होते.

डोहात पोचलो.  आप्पा जिवंत आहेत याचा आनंद मला पुरता झालाही नव्हता, तेवढ्यात ध्यानात आलं की भाच्यानं होणाऱ्या सासऱ्याला म्हाताऱ्या म्हटलंय, ते पण अरेतुरेत. लग्न मोडलं. नदीच्या काठावर बसून मी सरळ रडलो. लोकांना वाटलं, भिऊन रडतोय. तेही खरंच होतं.

पण पुढं गंमत झाली. नागेंद्रनं मग विनंती सोडली ती सोडलीच. आप्पांना मधे बसवलं, भावकीतल्या दोघांना पुढं. 'पुढं' म्हटलं की पाच पॅडलं एकदम पडायची. होडी तोंड पुढं करून, सुरी लोण्यातून जावी तशी जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पाणी उतरलो तेव्हा युवराज एका बुटावर उभा राहून ओरडला, लहान पोरासारखा. आप्पाही दोन्ही दिवस सांगितल्याबरोबर पॅडल मारत होते.

काठावर उतरल्यावर त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. बैठक ओल्या वाळूत का होईना, बैठकीसारखी झाली.

"पोरगा मला पसंत हाय," आप्पा म्हणाले. "ह्या वयात मला वरडणारं कोण ऱ्हायलं न्हवतं. त्यो वरडला म्हणून मी हाय. पोरगी देतो."

मी उठून त्यांचे पाय धरायच्या बेतात होतो.

"फकस्त एक. असला धाडसाचा पोरगा असा पाण्यात वाया घालवायचा न्हाय. कारखान्यात माझा शब्द चालतोय अजून. उसाच्या वजनकाट्यावर क्लार्क म्हणून चिकटवतो. खुर्ची, पंखा, कायम. नदी सोडायची."

"सोडली!" मी म्हणालो. विचार न करता, एका दमात. "आजपासनं सोडली समजा!"

नागेंद्र वाळूत बोटानं रेघ ओढत होता. त्याला नीलम आवडली होती. तिचा फोटो त्यानं पाणी जाऊ नये अशा पिशवीत ठेवलेला मी बघितला होता. त्यानं ती रेघ तळव्यानं पुसली. मग म्हणाला, "मामा, तुम्ही कशी सोडता? तुमची हाय काय?" आणि आप्पांकडं वळून, "आप्पा, मी काट्यावर बसणार न्हाय. मला ह्यातलंच येतंय आणि हेच बरं वाटतंय."

"मग बोलणं संपलं," आप्पा उठले.

संपलंच. नागेंद्रनं सगळ्यांच्या पिशव्या गोळा केल्या आणि दोन खेपांत चढावर जीपपाशी नेल्या. मी त्याच्या मागून चढलो. 

वरच्या रस्त्यावर मोबाईलला रेंज आली आणि सामानाच्या पिशवीत कोरडा राहिलेला आप्पांचा फोन वाजला. नीलमचा होता, तीन दिवस तिला बापाचा पत्ता नव्हता. आप्पांच्या कानात अजून पाणी होतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. त्यामुळं पुढचं सगळ्यांनाच ऐकावं लागलं.

"आप्पा, बरं हाईसा न्हवं?"

"बरा हाय. पाण्यात पडलतो. त्यानं काढलं."

 मग ती म्हणाली, "मग?"

"मग काय. पोरगा लई चांगला. मी म्हणलो, नदी सोड, तुला काट्यावर चिकटवतो. न्हाय म्हणतोय. मोडलं."

"आप्पा, काट्यावरचा एक गेल्या साली आलता, मीच न्हाय म्हणले. बँकेतला आलता, त्योबी नको म्हणले. सोळा जण बघून गेले, त्यातल्या एकानंबी आपलं काम आवडतंय म्हणून सांगितलं न्हाय. ह्यांनी माहितीत तसं लिहिलंतं, म्हणून मी व्हय म्हणले. ते काट्यावर बसले असते तर मलाच नको होते."

आप्पांनी मान वाकडी करून कानावर दोन थापा मारल्या. "ऐकू आलं न्हाय," ते म्हणाले. "कानात पाणी हाय."

नीलमनं ते सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, क्लासमध्ये शिकवावं तसं. आणि म्हणाली, "आता ऐकू आलं, का तिकडं येऊन सांगू?"

"आलं," आप्पा म्हणाले आणि जीपच्या पायरीवर बसले.  मग फोन नागेंद्रपुढं केला. "घे. तूच बोल तिच्यासंगं. तुमचं तुम्ही ठरवा."

नागेंद्रनं फोन घेतला, आधी स्पीकर बंद केला, आणि आम्हा पाच जणांकडं पाठ करून रस्त्यानं लांब चालत गेला. आम्ही कान टवकारले. पण पावसाची सर आली होती, आणि आम्हाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.